मेलेल्यांवर रागावण्याची सोय

2 जुलै 1941. लंडनच्या पिकॅडिली थिएटरात नव्या नाटकाचा पहिला प्रयोग होता, आणि दारापर्यंत पोचायला प्रेक्षकांना लाकडी फळ्यांवरून चालावं लागलं. बॉम्बहल्ल्याचा राडारोडा वाटेत पडला होता, त्यावर त्या टाकल्या होत्या. मंडळी फळ्या ओलांडून आत गेली, खुर्च्यांत टेकली आणि एका बाईच्या भुताला मनसोक्त हसली. नाटककार नोएल कॉवर्ड यांनी पुढे आत्मचरित्रात ही हकिकत लिहून ठेवली. मरणावरचं हलकंफुलकं नाटक बघायला लोक ढिगाऱ्यावरून आले, ही विसंगती त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती.

नाटकाचं नाव ‘ब्लाइद स्पिरिट’. ते 1946 च्या मार्चपर्यंत चाललं. एकूण प्रयोग 1,997.

माझं आयुष्य विंगेत गेलं. प्रॉपर्टी सांभाळणं, वेळेवर फोनची घंटा वाजवणं, बंद दारामागे उभं राहून ते दार उघडणं, हे माझं काम. त्यामुळे प्रयोगांचा आकडा कानावर आला की मी आधी भागाकार करतो. 1941 चा जुलै ते 1946 चा मार्च म्हणजे सुमारे 244 आठवडे. 1,997 ला 244 ने भागा, आठवड्याला आठाहून थोडे जास्त प्रयोग पडतात. लंडनच्या धंद्यात आठवड्याला आठ हा पूर्ण भरलेला आठवडा: सहा संध्याकाळचे आणि दोन दुपारचे खेळ. म्हणजे महायुद्धाच्या ऐन काळात या नाटकाला मोठा खंड पडायला जागाच उरत नाही. आमच्याकडे प्रयोग गावोगाव फिरतो, दुपारी दादर, रात्री ठाणे, सेट टेम्पोत आणि आम्ही बसमध्ये. तिथे नाटक एका इमारतीत मुक्काम ठोकतं आणि शहरच त्याच्याकडे येत राहतं. शहर रोज येत राहिलं, हे त्या आकड्याचं म्हणणं आहे.

का आलं? याचं उत्तर बहुतेक जण एका वाक्यात देतात: युद्धात लोकांना विरंगुळा हवा होता. मला ते पुरत नाही. विरंगुळ्याला लंडनमध्ये तोटा नव्हता. आयव्हर नोव्हेलो यांची ‘द डान्सिंग इयर्स’ ही संगीतिका अ‍ॅडेल्फी थिएटरात भरल्या घरासमोर चालत होती. गाणी, घागरे, व्हिएन्ना, सगळं त्यात होतं. मरण विसरायला आलेल्या माणसाने मरणाच्याच नाटकाचं तिकीट का काढावं? विंगेतून प्रेक्षागृहाचं हसणं ऐकत बसायची सवय लागलेल्या माणसाला यामागे काही वेगळं दिसतं. ते सांगायला आधी थोडा इतिहास.

3 सप्टेंबर 1939 ला युद्ध पुकारलं गेलं आणि सरकारी हुकमाने ब्रिटनमधली सगळी करमणुकीची ठिकाणं बंद झाली. काही दिवसांतच ती टप्प्याटप्प्याने उघडली, कारण लोकांना घरात कोंडून ठेवण्याचे तोटे सरकारच्याही ध्यानात आले. मग 1940 च्या सप्टेंबरात लंडनवर रोजचे हल्ले सुरू झाले. शाफ्ट्सबरी अ‍ॅव्हेन्यूवरच्या क्वीन्स थिएटरवर 24 सप्टेंबरला बॉम्ब पडला. तिथे त्या वेळी ‘रिबेका’ चालू होतं. वेस्ट एंड, म्हणजे लंडनची नाटकपेठ, जवळजवळ मिटलं. त्यातही नट डोनाल्ड वुल्फिट यांनी स्ट्रँड थिएटरात दुपारच्या जेवणाच्या सुटीत शेक्सपिअरचे वेचे करायला घेतले, म्हणजे कचेरीतली माणसं येतील आणि उजेडी परततील. पुढे धंदा सावरला तेव्हा खेळाच्या वेळा अलीकडे आल्या. भोंगा वाजला की प्रेक्षकांना तसं कळवत, ज्यांना आसऱ्याला जायचं असेल त्यांना जाऊ देत, आणि नट पुढचं वाक्य म्हणत. 1941 च्या एप्रिलमध्ये शाफ्ट्सबरी थिएटर पार उद्ध्वस्त झालं. त्याच महिन्यात कॉवर्ड यांच्या बेलग्रेव्हियातल्या घरालाही बॉम्बचा तडाखा बसला आणि ते सॅव्हॉय हॉटेलात राहायला गेले.

2 मे 1941 ला ते जॉइस कॅरी या अभिनेत्री मैत्रिणीबरोबर रेल्वेने वेल्सला निघाले. समुद्राकाठी पोर्टमेरियन नावाचं एक गाव आहे. क्लफ विल्यम्स-एलिस या वास्तुकाराने इटलीतल्या गावासारखं रंगीबेरंगी उभारलेलं. जॉइसबाई स्वतःचं नाटक लिहायला आल्या होत्या, कवी कीट्सवरचं. कॉवर्ड यांच्या डोक्यात भुताच्या कॉमेडीची कल्पना घोळत होती. सकाळी आठ ते एक, दुपारी दोन ते सात अशी बैठक मारून त्यांनी सहा दिवसांत तीन अंक संपवले. शुक्रवार, 9 मेच्या संध्याकाळी शेवटचं वाक्य कागदावर उतरलं. तालमीत त्या संहितेला कात्री जवळजवळ लागलीच नाही.

दुसऱ्या रात्री, 10 मेला, लंडनवर त्या मोसमातला सगळ्यात भीषण हल्ला झाला. एका रात्रीत 1,436 माणसं मेली. सप्टेंबरपासूनच्या आठ महिन्यांत देशभर सुमारे 43,000 नागरिक गेले होते. जूनमध्ये मँचेस्टरला नाटकाचे आरंभीचे प्रयोग झाले, जुलैत ते लंडनला आलं. म्हणजे पहिल्या रात्री फळ्यांवरून आलेल्या प्रेक्षकांत सुतक नुकतंच फिटलेली माणसं असणारच.

त्यांना दिसलं ते असं. केंट परगण्यातलं सुखवस्तू घर, फायरप्लेस, हातात मार्टिनीचे ग्लास. युद्धाचा एक शब्द नाही. चार्ल्स काँडमाइन हा कादंबरीकार एका भोंदू मांत्रिकबाईवर कादंबरी लिहितोय. धंद्यातल्या खाणाखुणा कळाव्यात म्हणून तो गावातल्या मादाम आर्काती या माध्यमबाईला जेवायला बोलावतो आणि टेबलाभोवती बैठक लावतो. ग्रामोफोनवर आयर्व्हिंग बर्लिनचं ‘ऑल्वेज’ लागतं आणि सात वर्षांपूर्वी वारलेली पहिली बायको एल्व्हायरा खोलीत येते. ती फक्त चार्ल्सला दिसते. दुसरी बायको रूथ तिथेच उभी असते, तिला काही दिसत नाही. चार्ल्स एल्व्हायराला गप्प बस म्हणतो आणि रूथला वाटतं आपल्यालाच म्हणाला. या एका कळीवर नाटकाचा निम्मा हशा फिरतो. पुढे एल्व्हायरा नवऱ्याला आपल्याकडे न्यायच्या बेताने मोटारीत बिघाड करून ठेवते, आणि गाडी घेऊन जाते रूथ. आता दोन भुतं, एक नवरा.

धंद्याच्या नजरेने पाहिलं तर या नाटकात चमत्कार फार थोडे आहेत. एल्व्हायरा धुरातून येत नाही, झाकणीतून वर येत नाही. तिचे केस, चेहरा, हात, कपडे सगळे राखाडी, एवढीच लेखकाची सूचना. पावडरचं काम. के हॅमंड यांनी ती भूमिका केली. आळसावलेल्या आवाजात, लाडावलेल्या मुलीसारखी. खरं कौशल्य रूथ करणाऱ्या फे कॉम्प्टन यांचं. समोर धडधडीत दिसणाऱ्या बाईकडे रोज रात्री न बघणं, नजर तिच्यातून आरपार नेणं, हे न बोलणाऱ्या पात्राच्या कामाइतकंच कठीण. दुसरी कसोटी रूथ मेल्यावरची. रूथचं भूत आधी एल्व्हायरालाच दिसतं, तिच्यावर धावून जातं, आणि प्रेक्षकांना दिसते फक्त हवेचे फटके खाणारी एल्व्हायरा.

शेवटचं पान आमच्या जातीचं. बायका अदृश्य झालेल्या आहेत, चार्ल्स त्यांना चार शब्द सुनावून घर सोडतोय, आणि फुलदाणी फुटते, भिंतीवरची तसबीर निखळते, घर मोडायला लागतं. हे सगळं मागून दोऱ्यांनी, तारांनी, खुंट्या ओढून होतं आणि त्याचा क्रम नटाच्या वाक्याच्या अर्ध्या श्वासात बसवावा लागतो. दोरी आधी ओढली तर हशा मेला, उशिरा ओढली तरी मेला. त्यातून काळ असा की 1942 पासून सरकारने देशातल्या घरांसाठी नक्षीदार चिनी मातीची भांडी विकायला बंदी घातली; साधं पांढरं तेवढं मिळे. कपड्यांवरचं रेशनिंग तर पहिल्या प्रयोगाच्या महिनाभर आधी, 1 जून 1941 ला सुरू झालं होतं. अशा दिवसांत दर प्रयोगाला शोभेची वस्तू फोडायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी उभी करायची, या कामाची किंमत प्रेक्षकाला कळत नाही. प्रॉपर्टीवाल्याला कळते.

फे कॉम्प्टन यांचं नाव आलं आहे तर आणखी थोडं मागे जायला हवं, कारण माझं म्हणणं तिथे लपलंय. पहिल्या महायुद्धानंतर, 1920 च्या एप्रिलमध्ये, लंडनच्या हेमार्केट थिएटरात जे. एम. बॅरी यांचं ‘मेरी रोझ’ आलं. एक तरुण आई बेटावर नाहीशी होते, पंचवीस वर्षांनी तशीच कोवळी परत येते, आणि शेवटी भूत होऊन आपल्या मुलाला शोधत फिरते. मुलगा तोवर सैनिक झालेला असतो. बॅरी यांनी सांभाळलेल्या मुलांपैकी जॉर्ज 1915 ला लढाईत मारला गेला होता. ते नाटक लोकांनी डोळे पुसत पाहिलं. त्यातली मेरी रोझ म्हणजे हीच फे कॉम्प्टन. पहिल्या युद्धानंतर ती हळवं भूत झाली होती. दुसऱ्या युद्धात तिच्या वाट्याला आली भूत न दिसणारी, वैतागलेली, हिशेबी बायको. एकाच नटीच्या दोन भूमिकांत इंग्लंडने आपल्या मेलेल्यांशी वागण्याची रीत बदलली.

पहिल्या युद्धाने तिथे परलोकविद्येचं पीक आणलं होतं. ऑलिव्हर लॉज यांच्यासारखा नामांकित पदार्थशास्त्रज्ञ, त्यांचा मुलगा रेमंड 1915 मध्ये रणांगणावर पडला, आणि पुढच्याच वर्षी लॉज यांनी मुलाशी झालेल्या संभाषणांचं पुस्तक काढलं. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल मेलेल्यांशी बोलता येतं या मताच्या प्रचारासाठी जगभर फिरले. आपल्याकडेही ते वारं आलं. मुंबईत व्ही. डी. ऋषी यांनी परलोकविद्येची मंडळी जमवली, आणि मराठी मध्यमवर्गीय घरांत संध्याकाळी प्लँचेटवर बोटं टेकवून गेलेल्या वडिलांना प्रश्न विचारणं सुरू झालं. तरी आपल्याकडे मेलेल्यांची एक वहिवाट आधीपासून होती. पितृपक्षात त्यांनी यावं, जेवावं, कावळ्याने घास उचलावा, आणि त्यांनी आपल्या वाटेने जावं. येण्याची तिथी ठरलेली, जाण्याचीही. लंडनच्या माणसाजवळ तशी तिथी नव्हती. कुणाचा मुलगा समुद्रात बुडाला, कुणाचं प्रेत ढिगाऱ्यात ओळखू आलं नाही. निरोप द्यायचा राहून गेलेली माणसं बैठकांच्या अंधाऱ्या खोल्यांत पैसे देऊन बसत होती.

मादाम आर्काती करायला मार्गारेट रदरफर्ड यांना विचारलं तेव्हा त्या बिचकल्या. परलोकविद्या त्यांच्या लेखी थट्टेचा विषय नव्हता. निर्माते बिंकी बोमाँट यांच्या आग्रहाने अखेर त्यांनी भूमिका घेतली, ती गंभीरपणे करायची म्हणून. नाटक उभं राहिलं त्याचं अर्धं श्रेय मी या गंभीरपणाला देतो. सायकलवरून येणारी, मोकळ्या हवेवर आणि व्यायामावर विश्वास असणारी, शाळेतल्या खेळाच्या बाईंसारखी ठणठणीत माध्यमबाई. तिला स्वतःबद्दल शंका नाही. ती भोंदू असती तर प्रेक्षक तिला हसून मोकळा झाला असता. ती प्रामाणिक आहे, आणि भूत आलेलं तिला स्वतःला दिसतच नाही. विनोदी काम करणाऱ्याने आपण विनोदी आहोत हे विसरायचं असतं. हे तालमीत शंभरदा सांगूनही नटांना पटत नाही. रदरफर्डबाईंना ते सांगावं लागलं नसणार.

टीका झालीच. ग्रॅहम ग्रीन यांनी हे नाटक म्हणजे कुरुचीचं प्रदर्शन आहे, अशा अर्थाचं लिहिलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. हजारो घरांत चिता थंड झालेली नसताना मेलेल्या बायकोला कटकटी दाखवणं हे सुरुचीत बसत नाहीच. कॉवर्ड यांनाही ते ठाऊक होतं. या नाटकात हृदय नाही, असलं तर ही दुःखाची कहाणी होईल, अशा अर्थाचं ते स्वतः बोलले आहेत.

हे म्हणजे कारागिराचं बोलणं आहे, आणि माझ्या मते याच जागी 1,997 चा उगम आहे. या नाटकात कुणी रडत नाही. रूथ मरते, चार्ल्सच्या डोळ्यांत पाणी नाही. सात वर्षांनी बायको परत येते, मिठी नाही, भांडण आहे. कुणाच्या घरी कोण आलं होतं, कोण कुणाबरोबर फिरायला गेलं होतं, जुनी उणीदुणी जशीच्या तशी. मेल्या म्हशीला मणभर दूध असं आपण म्हणतो. नाटकाच्या आरंभी चार्ल्सही एल्व्हायराच्या मोहकपणाची आठवण काढत असतो. मग म्हैस साक्षात दारात येऊन उभी राहते, आणि तिने किती दूध दिलं, किती लाथा मारल्या याचा खरा हिशेब सुरू होतो.

शोकात माणसाला रडायची मुभा थोडीफार तरी असते, रागवायची मुळीच नसते. गेलेल्या नवऱ्याने कर्ज लपवलं होतं, गेलेली आई पाहुण्यांसमोर टाकून बोलायची, गेलेल्या भावाने जाताना निरोपही घेतला नाही. हे कुणाला सांगणार? त्यातून देश लढाईत, प्रत्येक मृत हुतात्मा, प्रत्येक घराने ताठ मानेने उभं राहायचं. त्या काळच्या लंडनमध्ये मेलेल्या माणसाबद्दल उघड चिडचिड करायची सोय एकाच ठिकाणी होती, आणि तिथे तिकीट काढून बसता येत होतं. दुःख विसरायला हे लोक आले होते असं मला वाटत नाही. दुःखाचा जो भाग चारचौघांत काढता येत नाही, तो अंधारात, शेजाऱ्याच्या हशात मिसळून, ते हलका करत होते. म्हणून नाटकात युद्ध नसणं महत्त्वाचं. बॉम्बने मेलेली एल्व्हायरा कुणाला हसवू शकली नसती. लेखकाने तिला रेडिओवरचा संगीताचा कार्यक्रम ऐकताना हसून हसून हृदय बंद पडल्याचं मरण दिलं.

नाटकातल्या मोलकरणीकडेही बघा. एडिथ. सगळीकडे धावत सुटणारी, तिला ‘हळू’ म्हणावं लागतं. 1941 च्या डिसेंबरात कायदा आला आणि वीस ते तीस वयाच्या अविवाहित मुलींना युद्धकार्यात जाणं भाग पडलं. घरोघरच्या एडिथ कारखान्यांत गेल्या. प्रयोग चालू असतानाच ते घर जुन्या काळातलं झालं, आणि प्रेक्षक दोन गेलेल्या गोष्टी एकदम बघू लागला: मेलेली बायको आणि मोलकरीण असलेलं घर.

नाटकाने दोनदा घर बदललं. पिकॅडिलीहून सेंट जेम्सेस, तिथून 1942 मध्ये कॅथरीन स्ट्रीटवरचं डचेस. हे थिएटर अगदी लहान, सुमारे पाचशे खुर्च्यांचं. लांब मुक्कामाला असं घर चांगलं. भरायला सोपं आणि हशा भिंतींना लागून परत येतो. त्याच सुमारास कॉवर्ड स्वतः चार्ल्सची भूमिका घेऊन देशभर दौऱ्यावर निघाले. आणि 1942 च्या 23 डिसेंबरला, डचेसपासून हाकेच्या अंतरावर, त्याच रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या स्ट्रँड थिएटरात अमेरिकेहून आलेलं दुसरं नाटक लागलं, ‘आर्सेनिक अँड ओल्ड लेस’.

जोसेफ केसलरिंग यांचं हे नाटक. ब्रुकलिनमधल्या दोन प्रेमळ, देवभीरू म्हाताऱ्या बहिणी एकाकी वृद्धांना घरच्या वाइनमधून विष पाजून सुखाने पाठवतात, आणि तळघरात रीतसर प्रार्थना म्हणून पुरतात. भाच्याला सुगावा लागतो तोवर बारा झालेले असतात. न्यूयॉर्कमध्ये ते 10 जानेवारी 1941 ला सुरू होऊन 1944 च्या जूनपर्यंत 1,444 वेळा झालं. बोरिस कार्लॉफ त्यात भाच्याचे खुनी भाऊ होते. फ्रँक काप्रा यांनी 1941 च्या अखेरीस चित्रपट काढून ठेवला होता, पण नाटक उतरेपर्यंत तो लावायचा नाही असा करार असल्याने अमेरिकेतल्या थिएटरांना तो 1944 च्या सप्टेंबरपर्यंत मिळाला नाही. लंडनला लिलियन ब्रेथवेट आणि मेरी जेरल्ड या बहिणी झाल्या. ब्रेथवेटबाई म्हणजे 1924 च्या ‘द व्होर्टेक्स’मधल्या कॉवर्ड यांच्या आई. इथेही प्रयोग 1,337. भागाकार केला, पुन्हा आठवड्याला आठ.

मुलीकडे लंडनला गेलो तेव्हा ऑल्डविचच्या त्या कोपऱ्यावर मुद्दाम जाऊन उभा राहिलो. स्ट्रँडचं नाव आता नोव्हेलो झालंय, डचेस आहे तिथेच आहे. मुलीचं म्हणणं, बाबा, इथे बघण्यासारखं काय आहे? मी पावलं मोजत होतो. तीन वर्षं या दोन दारांतून लोक रोज रात्री मुडद्यांना हसून बाहेर पडत होते. 30 जून 1944 ला, दुपारी दोनच्या सुमारास, जर्मनीचा वैमानिक नसलेला उडता बॉम्ब याच ऑल्डविचमध्ये, बुश हाउससमोर पडला. जेवणाच्या सुटीत बाहेर पडलेली जवळजवळ पन्नास माणसं ठार झाली. त्या जागेपासून दोन्ही थिएटरं चालत दोन-चार मिनिटांवर. हे ठाऊक असलं की ‘विरंगुळा’ हा शब्द फार तोकडा वाटतो.

त्याच वर्षीचा एक खटला मला या नाटकाचा चौथा अंक वाटतो. हेलन डंकन नावाची स्कॉटिश माध्यमबाई. 1944 च्या जानेवारीत पोर्ट्समथमध्ये तिच्या बैठकीवर पोलिसांची धाड पडली. पोर्ट्समथ आरमाराचं गाव, म्हणजे बैठकीत नाविकांच्या आया-बायका. याआधी, 25 नोव्हेंबर 1941 ला, ‘बारहॅम’ ही युद्धनौका इजिप्तजवळच्या समुद्रात बुडून आठशेहून जास्त खलाशी मेले होते आणि आरमाराने ती बातमी 1942 च्या जानेवारीपर्यंत दाबून ठेवली होती. तेवढ्यात या बाईच्या बैठकीत ‘बारहॅम’चा एक मृत खलाशी प्रकट झाल्याचं लोक सांगू लागले. मार्चअखेर ओल्ड बेली न्यायालयात खटला उभा राहिला, तोही 1735 च्या चेटूकविरोधी कायद्याखाली. ओल्ड बेली ते डचेस, पायी वीसेक मिनिटं. न्यायालयात सरकारी वकील माध्यमबाईला लबाड ठरवत होते आणि संध्याकाळी डचेसमध्ये मादाम आर्काती टाळ्या घेत होती. डंकनबाईला नऊ महिन्यांची सजा झाली. या पोरकटपणावर सरकारचा किती खर्च झाला, असं चर्चिल यांनी गृहमंत्र्यांना लिहून विचारलं. तो कायदा 1951 मध्ये रद्द झाला.

त्या बाईने लोकांना फसवलं, यात मला शंका नाही. पण तिच्या खोलीत आणि डचेसमध्ये येणारी गरज एकच होती. तिच्याकडे मेलेला परत यायचा तो गोड बोलायला, आणि त्यासाठी विश्वास ठेवावा लागायचा. नाटकात मेलेला परत यायचा तो भांडायला, आणि विश्वास ठेवायची सक्ती नव्हती. दुसरा सौदा जास्त प्रामाणिक.

1945 च्या मे महिन्यात डेव्हिड लीन यांचा या नाटकावरचा चित्रपट आला. त्याच्या दृश्यचमत्कारांना पुढे ऑस्कर मिळालं. कॉवर्ड मात्र त्यावर खूश नव्हते. दहा महिन्यांनी, 1946 च्या मार्चमध्ये, आठवड्याच्या अंतराने ‘आर्सेनिक’ आणि ‘ब्लाइद स्पिरिट’ दोन्ही उतरली. गाण्याबजावण्याविना चाललेल्या नाटकांत ‘ब्लाइद स्पिरिट’चा विक्रम वेस्ट एंडला अकरा वर्षं टिकला. 13 सप्टेंबर 1957 ला अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांच्या ‘माउसट्रॅप’ने तो ओलांडला, तेव्हा कॉवर्ड यांनी त्यांना तार केली: जिवावर येतंय, तरी अभिनंदन करणं भाग आहे, अशा अर्थाची.

आमच्या कुणा पोराने हे नाटक मराठीत करायला घेतलं आणि मला विचारलं, तर माझ्या तीन अटी. भुतासाठी धूर सोडायचा नाही, राखाडी पावडर पुरे. मांत्रिकबाईने एकदाही प्रेक्षकांकडे बघून हसायचं नाही. आणि शेवटच्या अंकात दिग्दर्शकाला कितीही मोह झाला तरी मागे हळवं संगीत लावून एल्व्हायराला रडवायचं नाही. ती रडली की प्रेक्षकाला आपल्या घरचं माणूस आठवेल आणि तो गप्प होईल. ती भांडत राहिली तरीही त्याला घरचंच माणूस आठवेल, पण तो हसेल, आणि दुसऱ्या दिवशी बहिणीला तिकीट काढून देईल. नाटक चालतं ते या दुसऱ्या तिकिटावर.